दारावरचा दुसरा नंबर

४ मार्च

ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हे पोस्टाचं पत्र. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते टेबलावर टाकशील, चहा होईपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीस, आणि मग उघडशीलच. न वाचता काही फेकून देणं तुला जमत नाही. पोरांच्या कोऱ्या उत्तरपत्रिकासुद्धा तू दोन्ही बाजूंनी बघतेस.

आई बरी आहे. डाव्या पायाला गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर आहे, घोट्याचं हाड सरळ बसलंय असं डॉक्टर म्हणाले. तिने घरात बसून राहायचं आहे, आणि ती बसत नाही. कुबड्यांचा टकटक आवाज आला की मी ओरडते, आणि ती म्हणते, पाणी प्यायला उठले होते. इतकं पाणी कुणी पीत नाही.

ती कशी पडली ते फोनवर सांगितलंच आहे. गाडी बुटकी, उतरताना तोल गेला. त्यात नवीन काही नाही, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

त्यावर तू जे बोललीस तेही सगळं लिहीत बसत नाही. पण ‘तुला आईपेक्षा ते लाल खेळणं जास्त आहे’ हे मला लागलं, ताई. परवा लॅबमध्ये एका बाईंची दाढ घडवताना तेच डोक्यात घोळत होतं. दाढ इतकी उंच झाली की बाईंचं तोंडच मिटेना. पुन्हा करून द्यावी लागली.

तुझी अट मला समजली आहे. तुझ्या शाळेला सुट्टी लागेपर्यंत मी ती गाडी काढून चार दारांची, उंच सीटची गाडी घ्यायची. नाही घेतली तर तू येऊन आईला कायमची तुझ्याकडे नेणार. तू बोलतेस ते करतेस हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आता माझं थोडं ऐक. गाडी जुनी आहे, माझ्याआधी दोघांनी वापरलेली. लाल रंग टपावर उडालाय. दारं दोनच, मागची सीट नावापुरती, तिच्यावर फक्त माझे डबे बसतात. त्या डब्यांत प्लास्टरचे जबडे असतात, ते मी रोज सात-आठ दवाखान्यांत पोचवते. गाडी इतकी कडक आहे की खड्डा आला की मागे सगळे जबडे एकदम दात वाजवतात. स्पीडब्रेकरवरून तिरकी न्यावी लागते, नाहीतर पोट घासतं. हे सगळं खरं. पण सकाळी तिच्यात बसले की मी जागी होते. पन्नाशीच्या बाईने याहून काय मागायचं?

आणि महिन्यातल्या एका रविवारी मी तिला मैदानावर नेते. ‘रेस’ म्हणू नकोस, रेस नाही ती. ऑटोक्रॉस म्हणतात. बंद पडलेल्या गोदामाचं मोठं डांबरी आवार आहे. तिथे रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले केशरी कोन मांडून वाट आखतात. एका वेळी एकच गाडी, समोर घड्याळ. बाकीचे लोक कोनांपाशी उभे राहतात, पडलेला कोन पुन्हा उभा करतात. माझ्यासारखीच हौशी माणसं आहेत. एक बेकरीवाला, एक नर्स, एक निवृत्त पोस्टमन. सोमवारी सगळे त्याच गाड्यांतून कामावर जातात.

आई तिथे माझ्याबरोबर यायची. बघायला.

धाकटी


२६ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. चार ओळी. तरी मी तीनदा वाचलं. भाऊजींनी खालची खोली रिकामी केली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, हे वाचून मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम. तू काळजी करतेस तीसुद्धा हुकूम सोडल्यासारखी.

मी हातावर हात धरून बसलेले नाही. गाडी विकायची असं गाडीच्या काचेवर लिहून लावलं. पहिल्याच आठवड्यात एक जण बघायला आला, नवीनच लग्न झालेला, बायकोला घेऊन. आई फाटकाजवळ खुर्ची टाकून, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. मी तिला बजावलं होतं, तू मध्ये बोलायचं नाहीस. ती म्हणाली, मला काय करायचंय?

तो गाडीभोवती फिरला, खाली वाकून बघितलं, खूश झाला. आणि आईने सुरुवात केली. पावसात डिकीत पाणी शिरतं हो, छत्री ठेवू नका तिथे. डावीकडची काच थंडीत खाली गेली की वर येत नाही. तिसरा गिअर गडबडीत टाकलात तर कुरकुरते, जरा थांबून टाकायचा. मग त्याच्या बायकोला म्हणाली, आणि बाई, तुम्ही उंच आहात, तुमचं डोकं टपाला लागेल. मी आईकडे बघत होते आणि ती माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

एवढं ऐकूनही त्याचा जो उत्साह उरला होता तोही गेला, कारण त्याला दारावरचे नंबर दिसले. मैदानावर जाताना काळी टेप कापून दारावर नंबर चिकटवतात. माझा सत्तेचाळीस. त्याच्याखाली एकशे सत्तेचाळीस आहे. एकाच गाडीवर दोघं उतरत असतील तर दुसऱ्याच्या नंबराआधी एक लावतात, म्हणजे घड्याळवाल्याचा गोंधळ होत नाही. त्याने विचारलं, दुसरं कोण चालवतं? मी म्हटलं, मैत्रीण. आईला खोकला आला.

ते गेल्यावर मी तिच्यावर खूप चिडले. म्हटलं, तुला इथून जायचंय का ताईकडे? ती म्हणाली, नाही. मग गाडी विकू देत नाहीस ते का? म्हणाली, खोटं बोलून विकू नये.

खोटं बोलण्याबद्दल तिने मला शिकवावं, ही मोठीच गंमत आहे. का ते विचारू नकोस.

टेप काढायला गेले होते. वरचा नंबर निघाला. खालचा नाही काढला.

धाकटी


१८ एप्रिल

ताई,

आईचं प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, पण टेकवते. सकाळ-संध्याकाळ भिंतीला धरून चवड्यांवर उभी राहते, सांगितलंय त्याच्या दुप्पट.

सुट्टी लागली की येतेस आणि तिला नेतेस, असं तू कळवलंस. आईने वाचलं. संध्याकाळी कपाटावरची बॅग काढायला सांगितली. मग चप्पल घालून खाली गेली, मी गॅलरीतून बघत होते. गाडीचं दार उघडलं, आत वाकली, आणि ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. पार मागे, माझ्या पायांना लागते तितकी. खालची उशी काढून काखेत धरली आणि वर आली. म्हणाली, आता तुला रोज सकाळी माझ्या नावाने बोटं मोडायला नकोत.

ताई, मी तिला शब्द दिला होता. तो आज मोडतेय. ती शेजारच्या खोलीत बॅग भरतेय आणि मला हे सहन होत नाही.

एकशे सत्तेचाळीस आईचा नंबर आहे.

आता बस खाली आणि नीट वाच. मागच्या वर्षी ती मैदानावर यायची ती खरंच बघायला. छत्री आणि थर्मास घेऊन. एकदा माझी फेरी झाल्यावर तिने एक पडलेला कोन हातात घेऊन दाबून बघितला. विचारलं, हे मऊच असतात का? म्हटलं, हो, रबरी असतात. मग यांना धडकलं तर कुणाला लागत नाही? म्हटलं, नाही, दोन सेकंद वाढतात फक्त. ती बराच वेळ तो कोन धरून उभी होती. घरी येताना गाडीत म्हणाली, मला शिकव.

मी हसले. ती हसली नाही. मग शिकवलं. गोदामाच्या मागच्या रस्त्यावर, दुपारी, मागे जबडे वाजत असताना. लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. हळूहळू डबे पोचवायलाही तीच चालवायला लागली, मी शेजारी बसून बिलं लिहायची. मैदानावर ती शेवटून पहिली येते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तिचं लक्ष फक्त कोनांकडे. सगळे वेगासाठी जीव टाकतात, ही एकही कोन पडू नये म्हणून. बेकरीवाला तिला गमतीने म्हणतो, काकू, जरा एखादा पाडा की, बरं दिसत नाही.

ती गाडीतून उतरताना पडलीच नाही. मैदानावर कोन उभा करून मागे मागे चालत येत होती, पुढची गाडी बघत, आणि कडेच्या बुटक्या कठड्याला अडखळली. माझ्या डोळ्यांसमोर. जमिनीवर पडल्यापडल्या पहिलं वाक्य काय म्हणाली सांगू? ‘ताईला सांग, तुझ्या गाडीतून उतरताना पडले.’ मी सांगितलं. तू मला बोललीस, मी ऐकून घेतलं.

तुलाच का नाही सांगायचं, हे मी तिला विचारलं होतं. तेव्हा तिने जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि तुलाही आठवत नसणार.

तुझ्या खालच्या ओठावरची खूण झोपाळ्याची नाही. तू पाच वर्षांची होतीस, मी पाळण्यात. बाबांनी गाडी घेतली होती आणि आई शिकत होती. तू तिच्या शेजारी उभी राहून बाहेर बघायचीस, तेव्हा कुठला पट्टा आणि कुठलं काय. आत घेताना गाडी फाटकाच्या खांबाला लागली. तुझा ओठ फुटला, दोन टाके पडले. आईला कुणी बोलू नये म्हणून बाबांनी सगळ्यांना झोपाळ्यावरून पडली असं सांगितलं. आपल्या घरात कोण कशाने पडलं हे कधी खरं सांगायचंच नाही, अशी रीत दिसते. पुढच्या रविवारी सगळे बाहेर निघाले तेव्हा तू गाडीपाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘आई चालवणार असेल तर मी बसणार नाही.’ आईने किल्ली बाबांच्या हातात दिली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला तो मागच्या वर्षी.

तिचा तुझ्यावर राग नाही. पाच वर्षांच्या पोरीवर कोण राग धरेल? ती फक्त म्हणते, ती पुन्हा तसं म्हणाली तर मी पुन्हा किल्ली ठेवून देईन, आणि आता मला ठेवायची नाहीये.

तुला हे दुखावं म्हणून लिहिलेलं नाही. तू तिला नेणार असशील तर कुणाला नेतेस हे तुला माहीत असावं, इतकंच.

धाकटी


३ जून

ताई,

तू गेल्यापासून आई मला तोच दिवस पुन्हा पुन्हा सांगायला लावते. ती गाडीत होती, तू कोनांपाशी होतीस, सगळं मी एकटीनेच बघितलं. म्हणून तुलाही माझ्या बाजूने लिहून पाठवते. फोन तू आता उचलतेस, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस.

शनिवारी तू आलीस ती तोंड मिटून. माझ्या शेवटच्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. आईची बॅग दाराशी होती. जेवताना तू तिला मीठ हवंय का विचारलंस आणि मला तेही नाही. रात्री मी आईला सांगून टाकलं की मी ताईला सगळं लिहिलंय. ती माझ्याकडे पाठ करून झोपली. मला वाटलं, झालं, दोघी गेल्या हातातून.

सकाळी आई आंघोळ करून, केस बांधून तयार. तुला म्हणाली, जायच्या आधी मला एका ठिकाणी थांबायचंय. तू म्हणालीस, मैदानावर ना? आणि बूट घातलेस. तुला कळलं नाही, पण आई तिथेच खुर्चीवर बसली.

मैदानावर आधी गाडीतली सुटी वस्तू अन् वस्तू बाहेर काढावी लागते, नाहीतर वळणावर डोक्यात बसते. तू चादर अंथरून सगळं मांडलंस. थर्मास, छत्री, डबे. जबड्यांचा डबा उघडून तू किंचाळलीस आणि पोस्टमनकाका हसून खाली बसले. तिथून जरा हवा बदलली.

मग वाट पायी फिरून लक्षात ठेवायची असते. आई पुढे, घोट्याला पट्टा बांधलेला, हातवारे करत, इथे ब्रेक, इथे थांबून बघायचं, इथे डावीकडे नजर. तू तिच्या दंडाला धरून चाललीस. वाटेत तू विचारलंस, किती रुंद असतं हे? आई म्हणाली, गाडी जाऊन दोन्हीकडे हातभर. तू त्या दोन कोनांमध्ये उभी राहिलीस आणि बराच वेळ हललीच नाहीस. काय विचार करत होतीस ते मी विचारणार नाही.

ज्याने गाडी चालवायची त्याने कोनांपाशी उभं राहण्याची पाळीही द्यायची, असा नियम आहे. आईला पळता येत नाही म्हणून तिची पाळी तू घेतलीस. पिवळं जाकीट तुला आखूड होत होतं. नर्सबाईंनी तुला समजावलं, कोनाभोवती खडूची चौकट असते. कोन सरकला पण चौकटीला टेकलेला राहिला तर माफ. पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दोन सेकंद. तू मान हलवलीस. मी मनात म्हटलं, अर्ध्या मार्कासाठी पोरांना रडवणाऱ्या बाईला हे काम दिलंय, आज कुणाचं खरं नाही.

आणि आई आली. पहिली फेरी, मी शेजारी. तुझ्या कोपऱ्यावर तिची नजर रस्ता सोडून तुझ्याकडे गेली, आणि मागच्या चाकाने कोन सरकला. वर्षभरात पहिल्यांदा. आई आतल्या आत म्हणाली, गेलं. मी मागे वळून बघितलं तर तू गुडघ्यांवर बसली होतीस, गाल जवळजवळ डांबराला लावून, खडूची रेघ तपासत. कोन उभाच होता. बोटभर बाहेर. तिथे कुणीही सोडून दिलं असतं, ताई. तू उभी राहिलीस आणि लाल झेंडा वर केलास. ‘बाहेर,’ तू ओरडलीस. ‘दोन सेकंद.’

मला इतका राग आला. पण आई हसायला लागली. हेल्मेटच्या आत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, ‘बघ, तिने मला माफ नाही केलं. म्हणजे ती मला ड्रायव्हर समजते.’

हे वाक्य तुला माहीत नव्हतं. म्हणून तर हे पत्र लिहायला बसले.

बाकीचं तुला ठाऊक आहे. शेवटच्या फेरीआधी तू जाकीट काढलंस, चालत आमच्याकडे आलीस आणि मला म्हणालीस, ‘ते हेल्मेट दे.’ मी दिलं. तुला पट्टा लावता येईना, मी लावून दिला. तू शेजारच्या दाराने आत बसलीस. आई समोर बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी. सुरुवातीच्या रेषेवर गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. झेंडेवाल्याने दोनदा खूण केली. आत तुम्ही काय बोललात ते तुम्हालाच माहीत. मी विचारलं तर आई म्हणते, काही नाही, ताई म्हणाली चल.

एकही कोन पडला नाही. मी मोजत नव्हते, मी रडत होते. बेकरीवाल्याने मोजले.

आणि संध्याकाळी भाऊजींची मोठी गाडी घेऊन तू एकटीच निघालीस. बॅग अजून दाराशीच आहे. मी उचलायला गेले तर आई म्हणाली, राहू दे, लागेल.

धाकटी


१९ जून

ताई,

हे छोटंसं. पत्र गुरुवारपर्यंत मिळावं.

आई रविवारी सकाळी तुझ्याकडे निघतेय. एकटी. लाल गाडीने. मी नाही म्हणून बघितलं, मी शेजारी बसते म्हणून बघितलं, काही उपयोग झाला नाही. म्हणाली, तिने मला न्यायचं ठरवलं होतं, आता मी जाते. महिनाभर राहीन, खालच्या खोलीत झोपेन, दांडा धरीन, मग माझी मी परत येईन. तेल-पाणी मी बघून दिलंय. टायरची हवा तिने स्वतः तपासली, मी तपासल्यानंतर. महिनाभर मी बसने फिरणार, मांडीवर जबड्यांचे डबे घेऊन. लोकांची मजा होईल.

तिसरा गिअर थांबून टाकते ना याकडे लक्ष देऊ नकोस. तिच्याइतका नीट कुणी टाकत नाही. ती दमली असेल तरी दमले म्हणणार नाही, तर आल्याआल्या खुर्ची दे. आणि सीट पुढे ओढलेली असेल, भाऊजींनी चुकून बसू नये, गुडघे हनुवटीला लागतील.

एकच शेवटचं. तुझ्या फाटकाला एक मोठी झडप आहे आणि एक छोटी. रविवारी दोन्ही उघडून ठेव, असं मी इथे लिहिलं होतं. आई मागे उभी राहून वाचत होती. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. ‘एकच उघडायला सांग,’ म्हणाली. ‘दोन्हीकडे हातभर जागा राहते.’

तर एकच उघड. आणि फाटकात उभी राहा, तिला दिसशील अशी.

धाकटी